जळकं ऑइल

जऊळक्याच्या कैलासचंद शेठच्या डाळ मिलमध्ये जुन्या मुकादमाचा, मुकेशचा शब्द म्हणजे शेठचाच शब्द. सकाळी मिल सुरू करून तो केबिनमध्ये जायचा, दोघं चहा प्यायचे आणि दिवसाचं सगळं तिथंच ठरायचं.

मग डाळ घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं अट घातली. मिलमध्ये पर्यावरण व्यवस्थापनाची रीतसर पद्धत बसवा. धूळ, पाणी, कचरा कुठं जातो आणि कोण बघतो, सगळं ठरलेलं पाहिजे. हे काम आपल्याकडेच येणार, असं मुकेश धरूनच चालला होता. शेठनं ते दिलं समीक्षाला. पोरगी वाशीमला शिकलेली, मिलमध्ये लागून वर्षही झालं नव्हतं.

आता केबिनमध्ये ती बसलेली दिसली की मुकेश दारातूनच परत फिरायचा. तिनं भुसा उडू नये म्हणून पडदे लावले, तूर भिजवून उरलेलं पाणी झाडांकडे वळवलं. मुकेश सांगून थकला तरी हमालांनी कधी तोंडाला फडकं बांधलं नव्हतं. तिनं एकदा म्हटलं आणि सगळ्यांनी बांधलं. हे त्याला फार झोंबलं.

कंपनीचे लोक तपासणीला यायचे होते त्या सकाळी, मागच्या भिंतीशी मशीनच्या जळक्या ऑइलचा ड्रम पाझरताना मुकेशनं पाहिला. काळी धार नालीला लागली होती. एक हाक मारली असती तर भागलं असतं. ‘पाहू आता बाईची पद्धत,’ असं मनाशी म्हणत तो पुढं निघून गेला.

पाहुणे आत आले आणि मागोमाग शेजारच्या मळ्यातली गोजराबाई ओरडत आली. "शेठ, माह्या मेथीत तुमचं ऑइल घुसून राह्यलं ना!"

समीक्षा धावली. भुशाची पोती टाकून, फावड्यानं माती ओढून तिनं नाली अडवली. शेठ सगळ्यांदेखत तिच्यावर कडाडले. ती म्हणाली, "चूक माही हाये शेठ. मी सकाळी मागं चक्कर मारायले पाह्यजे होती."

शेठ एकदम नरमले. "अशी जिम्मेदारी घेणारं माणूस मले या मिलमध्ये पहिल्यांदा भेटलं," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत मुकेशच्या वाट्याला असं वाक्य आलं नव्हतं. बोलणी खाऊनही मान तिलाच! त्याला राहवलं नाही.

"तिची कायची चूक? थो ड्रम मले दिसला होता सकाळीच!"

"मंग बोलला काहून नाई?" शेठनं विचारलं.

समीक्षानं मुकेशकडे एकदा पाहिलं आणि हातातलं फावडं त्याच्याकडे दिलं. "चला मुकेशभाऊ, गोजराबाईच्या वाफ्यातली माती काढू."

कंपनीनं मुदत दिली, दुसऱ्या तपासणीत मिल पास झाली. ऑइलच्या जागेची जबाबदारी शेठनं मुकेशवर टाकली आणि तिथली खबर रोज समीक्षाला द्यायला सांगितली. तो देतो. एक थेंबही सांडू देत नाही. पण शेठच्या तोंडून तिचं कौतुक निघालं, की तो अजूनही काहीतरी निमित्त काढून तिथून उठतो.