टबाचं बूच

"गळते त गळू दे ना बाई! भरल्या पान्यापाशी लेकरू ठेवाचं नाही."

बपेऱ्याहून नातीला पाहायला आलेल्या सासूबाई, आनंदाबाई, न्हाणीतला गळका टब पाहताच हे बोलल्या होत्या. चंद्रकलेनं ते वाऱ्यावर सोडलं. बी.ए. झालेली सून ती. टब गळतो म्हणून गळूच द्यायचा, हे कुठलं शहाणपण?

नाकाडोंगरीजवळच्या खाणीवर एका गोऱ्या साहेबाचा जुना बंगला होता. तो विभागून दोन क्वार्टर केले, तेव्हा न्हाणीतला तो बिडाचा, माणूस झोपेल एवढा टब चंद्रकलेच्या नवऱ्याच्या, कारकून भोजराजच्या वाट्याला आला. त्यात आंघोळ कोण करतंय? नळ सकाळी घटकाभर येई, म्हणून टबाचा झाला हौद. पण तळाची जाळी गंजून फुटलेली, त्यामुळे बूच बसेना. सकाळी काठोकाठ भरलेला टब दुपारी लेकीचे, मिनूचे लंगोट धुवायच्या वेळी ठणठणीत कोरडा. चिंध्या कोंबून झाल्या, कणीक थापून झाली, डांबरसुद्धा झालं.

"अहो, चिंधूला सांगितलं का?"

"सांगतो ना उद्या."

"तुमच्या उद्या-उद्यात मिनू चालायला लागली!"

"मंग बरंच झालं. आता थेच भरंल पानी," भोजराज पेपराआडून म्हणाला.

खाणीवरचा फिटर चिंधू आला तो पान्हा विसरून. पान्हा आणला, तर जाळी लहान निघाली. तुमसरहून मोठी जाळी आली, तर वायसर नाही.

"वहिनी, साहेबाच्या जमान्यातला माल आहे. साहेबावानीच अकडून राहिला," तो टबाखालून ओरडला.

"तो अकडू दे. तुम्ही तेवढे अर्ध्यावर उठून जाऊ नका!"

शेवटी सुतळी, सफेदा लावून जाळी बसली आणि बूचही घट्ट बसलं. दुसऱ्या दिवशी दुपारीही टब तुडुंब. थेंब हलला नव्हता. चंद्रकला त्या पाण्याकडे डोळे भरून पाहत राहिली, मग अंगणात कपडे वाळत घालायला गेली. घरातून मिनूची बडबड ऐकू येत होती, तोवर ठीक. मग बडबड थांबली.

हातातलं लुगडं मातीत टाकून ती धावली. मिनू पालथ्या बादलीवरून टबाच्या काठावर पोटावर आडवी झाली होती. पाय अधांतरी, हात तरंगत्या लोट्याकडे. चंद्रकलेनं झबलं धरून तिला मागे ओढलं. लोटा बुडाला आणि मिनूनं त्या लोट्यासाठी भोकाड पसरलं.

लेकीला काखोटीला मारूनच चंद्रकलेनं खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि बूच उपटलं.

संध्याकाळी भोजराज कोरड्या टबाकडे पाहून म्हणाला, "काहून? पुन्हा गळला?"

"मी सोडलं पाणी."

"त्या चिंधूपायी माहं डोकं खाल्लं, नं आता..."

"आता झाकणाची पिंपं आणा. उद्या नाही, आज!"

तिला नवऱ्याचा राग आला होता, चिंधूचा आला होता, आणि सगळ्यात जास्त सासूबाईंचा, कारण त्यांचंच खरं निघालं होतं.

पुढे भोजराजची बदली झाली. त्या क्वार्टरमध्ये नव्या बिऱ्हाडाच्या कलाबाई आल्या, कडेवर रांगत्या वयाचं लेकरू. चंद्रकलेनं सगळं सांगितलं, तर त्या हसल्या. "एवढा चांगला टब रिकामा ठेवाचा? तुम्ही लय भेता, ताई!" बूच त्यांच्याच हातात होतं.

तेव्हा नाकाडोंगरीकडे कधी जाणं झालं, तर त्या क्वार्टरमध्ये जरा डोकावा. चहा नाही घेतला तरी चालेल. कलाबाईंचं लेकरू कुठं आहे, तेवढं पाहून या.