राजूबाईचा पुतळा

लेकीनं पुतळा करावा आणि तोही आपल्या आईचा करावा, असं मंठाळमध्ये कुणाच्या बापजन्मी घडलं नव्हतं. आपल्याकडं पुतळा बसतो तो पुढाऱ्याचा, नाहीतर संताचा. मग राजूबाईनं ही बातमी पोटात ठेवली असती तरच नवल! नळावर गेली तरी तेच, हळदीकुंकवाला गेली तरी तेच. "आमची विजू बिदरात माजा पुतळा करायलीय."

विजयश्री बिदरच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. दिवाळीला आली तेव्हा तिनं आईला चटईवर आडवं केलं, तोंडाला व्हॅसलीन चोळलं आणि वरून ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या चिकटवल्या. नाकात नळ्या. "हलू नको आई, हसू बी नको." राजूबाई मुडद्यासारखी पडून राहिली. पट्ट्यांखाली कपाळ तापलं, तरी हूं का चूं केलं नाही.

"माजंच तोंड कामून गं? एवढ्या देखण्या बाया पडल्यात," तिनं नंतर विचारलं.

"मला तुजंच पायजे," लेक म्हणाली. तेवढ्यावर बाई महिनाभर हवेत होती.

कारण हे तोंड तिला जन्मभर भोवलं होतं. भुवयांचं हाड पुढं आलेलं, नाक रुंद, हनुवटी आत गेलेली. थोरली जाऊ गुरुबाई लग्नाच्या हळदीपासून तिला वांदरी म्हणायची. वांदरी चूल पेटव, वांदरी भाकरी टाक. मेलीच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. राजूबाई त्याबद्दल रडली ती फक्त विजूजवळ.

म्हणून कॉलेजच्या प्रदर्शनात पुतळा मांडला त्या दिवशी तिनं मुद्दाम गुरुबाईलाच जीपमध्ये घातलं. इरकल नेसली, शेवंतीचा हार घेतला. "बगा अक्का, वांदरीला हार घालायची पाळी आली तुमच्यावर!" गुरुबाईनं नाक मुरडलं, पण आली. बघितल्याशिवाय झोप लागली असती होय तिला?

हॉलच्या दारावर 'माणूस कसा घडला' असा फलक होता. आत एका कोपऱ्यात गर्दी. वाट काढत दोघी पुढं गेल्या आणि राजूबाईचे पाय जागीच खिळले.

पुतळ्याच्या अंगावर कातडं होतं, केस पिंजारलेले, हातात दगड. आणि वर तिचंच तोंड! भुवया आणखी फुगवलेल्या, हनुवटी आणखी आत ढकललेली, पण डाव्या गालावरची चामखीळसुद्धा जिथल्या तिथं.

गुरुबाईला कन्नड वाचता यायचं. खालची कन्नड पाटी तिनं मोठ्यांदा वाचली, "निअँडरथल बाई. पन्नास हजार वर्षांमागची." मग पुतळ्याकडं बघितलं, जावेकडं बघितलं आणि पदर तोंडात कोंबला. कोंबून काय उपयोग? पोट हलायचं ते हललंच. राजूबाईला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

पलीकडं विजयश्री पोरांना समजावत होती. "यांचा मेंदू आपल्याएवढाच, कधी मोठाच. मेलेल्याला पुरायचे. लंगडा-पांगळा माणूस टाकून द्यायचे नाहीत, सांभाळायचे."

"मग संपले कसे, मॅडम?"

"मागून आपले पूर्वज आले. नसलेली गोष्ट रचायची आणि चारचौघांना पटवायची, हे त्यांना जास्त जमत असावं."

तेवढ्यात तिला आई दिसली. तिचा चेहरा खर्रकन उतरला. धावत येऊन तिनं आईला बाजूला घेतलं. "आई, मी सांगणारच होते. ही बाई वाईट न्हाई गं, लई मायाळू..."

"मायाळू हाय तर मला इचारलं कामून न्हाईस?"

"इचारलं असतं तर तू दिलं नसतंस."

खरं होतं ते, आणि म्हणूनच काळजात घुसलं. वांदरी या शब्दापायी आई किती रडली हे या पोरीला ठाऊक होतं. ते ठाऊक असूनच तिनं हे तोंड हेरलं होतं. परक्यानं केसानं गळा कापला असता तर सोसलं असतं. पोटच्या पोरीला काय म्हणावं?

इतक्यात कॉलेजचे मोठे साहेब आले. "वा मॅडम, जिवंत वाटते बाई! चेहरा कुणाचा घेतलात?"

राजूबाईनं पदर सावरला. आता लेक म्हणेल, माझ्या आईचा. नुसतं तेवढं म्हणाली असती तरी ती सगळं गिळायला तयार होती, गुरुबाईचं हसूसुद्धा.

विजयश्रीनं आईकडं बघितलं, मग साहेबांकडं वळून हसली. "कुणाचाच नाही, सर. कल्पनेनं केलाय."

गुरुबाईचं हसू तिथंच थांबलं. साहेब पुढं निघाले, तशी राजूबाई जाऊन पुतळ्याला खेटून उभी राहिली.

"सायब, थांबा. माजं तोंड हाय हे. माज्या लेकीनं काढून नेलंय."

"आई, चल ना बाहेर," विजयश्री कशीबशी म्हणाली.

"आता आई व्हय? आत्ता तर मी कुणीच नव्हते." राजूबाईनं पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ही आपलं माणूस टाकत नव्हती म्हनलीस न्हवं? मग मी हिच्यातलीच. तू त्या मागनं आलेल्यांतली."