पायबंद

म्हाताऱ्या वेताने नातवाच्या, लुकाच्या घोट्याभोवती पायबंदाचं एक कडं बसवलं आणि दुसरं हातात धरून सुनेकडे पाहिलं. घोडी विकून सहा वर्षं झाली होती. तिच्या पायातला हा साखळी-कुलपाचा लोखंडी पायबंद वेताने काल कोठीतून शोधून काढला आणि राखेने घासला होता. तरी लुकाच्या नव्या पांढऱ्या मोज्यावर त्याचा काळपट डाग पडलाच.

"तोमाला आण."

"नाही," स्मरांडा म्हणाली. "माझ्या जित्या पोराचा पाय मी यात घालणार नाही."

जमिनीवर ठेवलेल्या शवपेटीभोवती बायका उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात पेटलेली मेणबत्ती. त्यांच्यातून एक सुस्कारा फिरला. शहरात शिकलेली सून, दुसरं काय बोलणार!

"जुळे आहेत गं ते," शेजारची फ्लोआरेआ समजुतीच्या सुरात म्हणाली. "एकाच महिन्यात जन्मलेले जीव एकमेकांना ओढतात. एक गेला की दुसऱ्याला बेडीतून सोडवावं लागतं. गेलेल्याच्या जागी कुणीतरी त्याला भाऊ मानलं, की तो मोकळा. नाहीतर वर्षाच्या आत…"

"पुरे. लुकाच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. महिन्याने नाही मारलं त्याला."

कालपासून ती हेच सांगत होती, येईल त्याला. आणि कालपासूनच ती तासातासाला तोमाच्या छातीला कान लावून बघत होती. ते मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात तोमा स्वतःच बायकांच्या घागऱ्यांमधून वाट काढत पुढे आला. पाच वर्षांचं पोर ते. त्याने साखळीकडे पाहिलं.

"दुसरं माझं ना?"

बर्फाच्या दिवसांत हातमोज्यांच्या एका जोडीत दोघं भागवायचे, तसंच हेही. तो भावाच्या पायाशी बसला आणि त्याने पाय पुढे केला. स्मरांडाचा हात त्याला धरायला निघाला आणि मध्येच राहिला. कुलूप लागलं.

वेताने किल्ली उंच धरली.

"कोण घेतो माझ्या तोमाला भाऊ म्हणून?"

फ्लोआरेआचा मुलगा अर्धं पाऊल पुढे सरकला. सगळा उन्हाळा तो या दोघांबरोबर आलुबुखाराच्या झाडावर होता. फ्लोआरेआने त्याला कॉलर धरून मागे ओढलं. कुणी आपलं पोर घागऱ्याआड घेतलं. एकीला चुलीवरचं दूध आठवलं आणि ती मुलीला घेऊन निघूनच गेली.

"कोण घेतो माझ्या तोमाला?" वेताचा आवाज चिरकला. तीनदाच विचारायचं असतं.

"का गं फ्लोआरेआ?" स्मरांडा म्हणाली. "आत्ता तर मला शिकवत होतीस."

"तसं नाही गं. आमच्या याला जरा सर्दी आहे…"

"सर्दी!" स्मरांडा गर्रकन वळली, हातातल्या मेणबत्तीचं मेण मनगटावर सांडलं. "माझ्या पोराला बेडी घालायला गावच्या गाव आलं, सोडवायला एकही नाही? मी नको म्हणत होते तेव्हा केवढी काळजी होती त्याची! आता तुमच्याच पोरांना जपा. दफनानंतर जेवायला बसाल ना सगळ्या? तेव्हा आणाल ना मुलांना? की तेव्हाही सर्दीच?"

आईच्या ओरडण्याने बावरलेला तोमा साखळी ओढायला लागला. पेटीत लुकाचा पाय हलला.

"सरका जरा," दारातून आवाज आला.

गावातले गिगोआजोबा काठी टेकत आत आले. एक हात पेटीच्या कडेवर ठेवून कण्हत कण्हत तोमाशेजारी बसले.

"माझे पाचही भाऊ वर गेले. जागा रिकामी आहे. काय रे, ऐंशीचा भाऊ चालेल?"

तोमाने त्यांना नीट न्याहाळलं. "तुम्हाला दात नाहीत."

"मग बरंच की. तुझ्या वाटचे अक्रोड तुलाच राहतील."

म्हाताऱ्याने वेताकडून किल्ली घेतली. "मरेपर्यंत माझा भाऊ होशील?" त्यांनी तीनदा विचारलं. तोमा तीनदा हो म्हणाला; तिसऱ्यांदा तर जोरात. कुलूप उघडलं. पोर उठून थेट अंगणात पळालं.

बाहेर घंटा वाजली. पेटी उचलायला पुरुष दाराशी आले. लुकाच्या पायातलं कडं काढायला वेता खाली वाकली.

"थांबा, आई."

स्मरांडा जमिनीवर बसली. तिने बूट काढला, काळा मोजा खाली सरकवला आणि रिकामं कडं स्वतःच्या घोट्यावर ओढून घेतलं. जेमतेमच बसलं ते.

"मीही त्यांच्यासारखी मे महिन्यातलीच."

"अगं, आईला नाही लागत हे—" फ्लोआरेआने तोंड उघडलं.

"तू गप्प बस," वेता म्हणाली.

तिने गिगोआजोबांकडून किल्ली घेतली आणि कुलूप लावलं. आता उभं राहून, किल्ली वर धरून विचारायचं होतं. वेताने ती एप्रनच्या खिशात टाकली आणि गुडघ्यांवर हात टेकत सुनेशेजारी खाली बसली. स्मरांडा बोटाने लुकाच्या मोज्यावरचा डाग पुसत होती.

"पाद्री खोळंबलेत," दारातून कुणीतरी म्हणालं.

"खोळंबू देत," वेता म्हणाली.