पाखडलेली बुरशी

क्षमाने फ्रीज उघडला. खालच्या कप्प्यात काकडी होती, कोथिंबीर होती, पण हिरव्या तांदळाच्या पिशव्या नव्हत्या.

घाटकोपरच्या एका गाळ्यातल्या छोट्या प्रयोगशाळेत ती अळ्या मारणारी हिरवी बुरशी वाढवायची, अर्धवट उकडलेल्या तांदळावर. एका साखर कारखान्याने उसाला जोड म्हणून शुगरबीट लावलं होतं आणि त्याची पानं अळ्या फस्त करत होत्या. रासायनिक औषधाऐवजी क्षमाची बुरशी फवारून बघायला कारखान्याचे शेती अधिकारी अंबादास एकदाचे तयार झाले होते. गाडी उद्या सकाळी निघणार होती. प्रयोगशाळेतला एसी बंद पडला म्हणून तिने पिशव्या घरी आणल्या. तीच घोडचूक झाली.

"आई, माझे तांदूळ कुठायत?"

तिच्या सासूबाई, वनमालाबाई, खिडकीच्या ग्रिलकडे बोट दाखवून कौतुकाची वाट बघत उभ्या राहिल्या. "अगो, उकडे तांदूळ ना ते? सगळी बुरशी लागलेली. पाखडलंय, धुतलंय आणि सुकत घातलंय. अन्न काय फेकून देऊचा?"

जुन्या साडीवर तांदूळ पसरले होते. इतके स्वच्छ, की क्षमाला रडूच यावं.

"अहो आई, ती बुरशीच तर हवी होती! तांदूळ फेकायचे होते, तांदूळ!"

"बुरशी कोण फ्रिजात ठेवता गो?"

या घरात विचारायची पद्धतच नाही. दिसलं की धुवायचं. गावाहून उकडे तांदूळ मागवून खाणाऱ्या घरात असले तांदूळ आणायची दुर्बुद्धी झाली म्हणून ती स्वतःवरही चरफडली. पण तेवढ्याने भागेना. मग ती सासूबाईंना नाही नाही ते बोलली. सगळी मेहनत मातीत घातलीत, म्हणाली. वनमालाबाई तांदूळ गोळा करू लागल्या.

शेवटी तिने जीव मुठीत धरून अंबादासांना फोन लावला.

"बरं झालं मॅडम, तुम्हीच केलात," ते म्हणाले. "आम्ही कालच औषध मारलं. अळ्या थोड्याच तुमच्या गाडीसाठी थांबणार? पुढच्या हंगामात बघू."

"अहो, मग कळवायचं तरी!"

"राहिलं बघा गडबडीत."

तिने फोन ठेवला तर वनमालाबाई समोरच उभ्या. "सायब ओरडलो काय गो तुका? माझा नाव सांग त्याका."

तुमच्यामुळे काही बिघडलं नाही, ते कालच बिघडलं होतं, एवढंच सांगायचं होतं. क्षमाने दोनदा तोंड उघडलं. शब्द काही केल्या बाहेर पडेनात, आणि त्याचाही राग तिला सासूबाईंचाच आला.