पहाटेचा खोकला

हारूनची बोटं थांबली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मसूदाला ती दिसली. पत्र्याच्या शेडमध्ये मागच्या पायांनी टांगलेलं हरीण, त्याच्या जबड्याखाली चाचपणारा हारूनचा हात, आणि पलीकडे नुसतं धुकं. थंडीत समुद्रावरून आलेलं हे धुकं रिफा गाव ओलांडून वाळवंटात शिरलं की कुंपण, खजुरी, कळप, सगळं पुसून टाकी. हरणं तर मुळात वाळूच्याच रंगाची. मग दिसायचे ते फक्त त्यांचे काळे डोळे, हवेत तरंगत असल्यासारखे.

अरबाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, या कुंपणातल्या रानात कळप फार वाढला की थंडीत त्यातली काही हरणं मारत. बंदूक दुसऱ्याची, सुरी हारूनची. जबड्याखालच्या गाठी चाचपायच्या, फुप्फुसं दाबत दाबत बघायची, कलेजी उजेडात धरायची. सगळं साफ निघालं तर मांस अरबाबच्या पाहुण्यांना आणि कलेजी हारूनला, असा तिथला रिवाज. त्या दिवशी हारून शेडमधूनच हाक मारी, "मसूदा, तवा ठेव गो." दापोलीकडच्या खाटकाचा मुलगा तो, तोंडाने कमी बोले, बोटांनी जास्त. बोटं सलग फिरत राहिली की मसूदा खुशाल कांदा चिरायला घेई.

आज बोटं थांबली, मागे आली, पुन्हा त्याच जागी गेली. मसूदाने तव्याखालचा गॅस बंद केला.

तिच्या खांद्यावर तिची लेक अदीबा पेंगत होती. पायाशी रीम उभी होती.

या हरणांना इथले अरब रीमच म्हणतात. मसूदाने नाव म्हणून तेच ठेवलं. आई मेलेलं ते पिल्लू हारूनने बनियनमध्ये गुंडाळून घरी आणलं, तेव्हा अदीबा अगदी तान्ही होती. मसूदा दोघींना आळीपाळीने पाजी, एकीला अंगावर, दुसरीला बाटलीने. झोपेच्या ग्लानीत कधी कधी तिला कळतच नसे की आत्ता मांडीवर आहे ती कोण. ऊब सारखीच, चुटुचुटु आवाजही सारखाच. आता अदीबा रांगत जाऊन रीमच्या पायांत शिरे, आणि एकच बिस्किट दोघी अर्धं अर्धं खात.

पहाटे हारून कळपाला चारा घालायला गेला की मसूदा टेपरेकॉर्डर लावून गावच्या अम्मासाठी कॅसेट भरत बसे. त्याच वेळी रीम खोकायची. कोरडा, इवलासा खोकला, कुणी हळूच दार वाजवावं तसा. धूळ गेली असेल, असं मसूदा स्वतःला सांगे आणि अम्माशी पुढे बोलू लागे.

दुपारी फिलिप आला. वसईचा हा माणूस अरबाबच्या जनावरांच्या डॉक्टरकडे कामाला होता. बर्फाचा डबा सांभाळत उतरला.

"वहिनी, चहा टाका. मनामापासून गाडी गोगलगायीसारखी आणलीय. आणि तुमच्या नवऱ्याने बोलावलं म्हणजे आज कलेजी मफी, मिळायची नाही, एवढं मला कळतं."

"तुमाला कलेजीच दिसते," मसूदा म्हणाली.

शेडमध्ये हारूनने त्याला गाठ दाखवली. पिवळट, वाटाण्याएवढी. "सुरी लाव. वाळूसारखी करकरते बघ."

फिलिपने सुरी लावली आणि मान हलवली. "टीबीच वाटतोय. पण शेवटी लॅब सांगेल ते खरं. बाकीची हरणं?"

"बाकीची साफ."

"तोवर एक करा. खोकणारं जनावर ठेवायचं नाही. एकातून सगळ्यांत जातं हे, माणसांत पण. खोकतंय कोण?"

"मी रोज फिरतो त्यांच्यात. एक पण नाय."

मसूदा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. साखरेच्या वासाने रीम ट्रेला नाक लावत होती.

फिलिपने चहा संपवला, गाठीचा तुकडा बर्फात ठेवला, गाडी सुरू केली. धुक्यात दिवे पिवळे झाले. जाऊ द्यावी ही गाडी, मसूदाला वाटलं. धुकं सगळं गिळून टाकील. संध्याकाळी आपण नेहमीसारखं बिस्किट मोडू. तेवढ्यात तिच्या कडेवरून वाकून अदीबाने रीमचं ओलं नाक दोन्ही मुठींत धरलं आणि त्यावर आपला गाल टेकवला.

मसूदा ट्रे ठेवून अनवाणीच गाडीकडे गेली.

"फिलिपभाऊ, थांबा. एक खोकते."

"कुठली?"

"आमची."

हारून तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. "कवापासून?"

"थंडी पडली तवापासून. पहाटेची. तुमी चाऱ्याला गेलाव की."

"मना बोलली नाय तू."

"नाय बोलली."

फिलिपने इंजिन बंद केलं. "बेबीला उद्या दवाखान्यात न्या. तुम्ही दोघंही एक्स-रे काढा. मी गाडी पाठवतो." रीमबद्दल तो काही बोलला नाही. त्याने ते बरं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदूकवाल्याला हारूनने परत पाठवलं. "माझ्या हातनं होऊ दे," एवढंच म्हणाला. मसूदाने बी काढून एक खजूर पुढे केला. रीमने तो खाल्ला आणि मान वर करून आणखी मागितला. मग हारूनने तिला उचललं, आणली होती तशीच छातीशी धरून. आता मात्र तिचे पाय खाली लोंबत होते. धुक्यात आधी ते पाय दिसेनासे झाले, मग हारूनची पाठ.

मसूदा खिडकीपाशी गेली नाही.

बऱ्याच वेळाने तो आला. हातांना डेटॉलचा वास, कातडी धुऊन धुऊन पांढरी पडलेली. हात रिकामे.

"होत्या गाठी?"

"होत्या. बारीक बारीक. बोललीस ते बरा केलास."

मसूदाने त्याच्या बोटांकडे पाहिलं. ती बोटं लुंगीची कड उगाच चुरगाळत होती. मांसाबद्दल हारून आजवर कधी खोटं बोलला नव्हता. आज बोलला असेल तर तिच्यासाठी बोलला असेल. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तिघांचेही एक्स-रे स्वच्छ आले. कळपातली आणखी काही जनावरं गेली. धुकं विरळ होत गेलं तशी उरलेली कुंपणापाशी दिसू लागली, डोळ्यांसकट, पायांसकट.

दापोलीला निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेतून कॅसेट जायची होती, म्हणून मसूदाने ती एकदा लावून पाहिली. तिचा स्वतःचा आवाज, अदीबाचं खिदळणं, फरशीवर खुरांची टकटक. मग तो खोकला.

अम्मा घाबरेल. पोरीला काय झालं, म्हणेल. तेवढं पुसायला हवं होतं. पण पुसलं तर टकटकही जाईल. मसूदाने टेप शेवटापर्यंत पुढे नेली आणि बटण दाबलं.

"अम्मा, मधी जो खोकला ऐकू येईल ना, तो अदीबाचा नाय हां. अदीबा बरी हाय."

तिने बटण बंद केलं नाही. कॅसेट फिरत राहिली. अदीबाने आपल्या वाटचं बिस्किट संपवलं, रांगत उंबऱ्यापर्यंत गेली, आणि उरलेलं अर्धं तिने दाराबाहेर धरलं.