आठ वॅटचा संसार

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि माझी ताकद फक्त आठ वॅट आहे. हसलात ना? हसा. टेपवरचा बारीक आवाज घ्यायचा, त्याला बळ द्यायचे आणि स्पीकरच्या हवाली करायचा, एवढेच माझे काम. त्याला आठ वॅट भरपूर झाले.

एका रेडिओ कारागिराने मला हाताने बांधले. ट्रान्सफॉर्मरला तार गुंडाळताना तो वेढे मोजत असे. मध्येच कुणी हाक मारली की आकडा विसरे, स्वतःवरच चिडे आणि पहिल्यापासून सुरुवात करी. त्याच्या या चिकाटीचे माझ्यावर फार उपकार आहेत. माझे स्पीकरही त्यानेच निवडले. दिसायला साधे, पण थोडक्यात भागवणारे. आमचे छान जमले.

पुढे मी एका मावशींच्या घरी आलो. त्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. त्यांचा धाकटा भाऊ बसवर कंडक्टर होता आणि गळा असा, की प्रवासी उतरायचे विसरत. तो अकाली गेला. मागे राहिली त्याच्या गाण्याची एकच टेप. दर रविवारी दुपारी मावशी ती लावत, आणि माझे व्हॉल्व्ह, म्हणजे पोटातल्या काचेच्या नळ्या, तापून आवाज येईपर्यंत, मिनिटभर, हात जोडल्यासारख्या शांत बसत. मला त्या मिनिटाचा फार अभिमान वाटे.

मावशींना सत्तरावे लागले तेव्हा भाच्याने कंबरेएवढे दोन नवे स्पीकर आणले. प्रेमानेच आणले हो! माझे जोडीदार कपाटावर गेले आणि मला या दांडग्यांशी जोडले. गाणे सुरू झाले. मी जीव तोडून बळ देत होतो, पण ते त्यांच्या दाढेलाही पुरेना. वरच्या सुरावर भावाचा आवाज चरचरला, फाटला.

मावशींचा चेहरा उतरला. "टेप झिजली रे," त्या म्हणाल्या. "आणखी लावली तर उरलंसुरलंही जाईल." त्यांनी ती खणात ठेवून दिली.

"टेप नाही गं मावशी, हा डबा म्हातारा झालाय," भाचा म्हणाला. "भंगारात देऊ."

सहा रविवार घर गप्प होते. मला भंगाराची भीती होतीच, पण माझ्यामुळे त्यांचा भाऊ दुसऱ्यांदा गेला, ही बोच जास्त होती.

शेवटी मावशींनी कारागिराच्या मुलीला बोलावले. दुकान आता तीच चालवते. तिने मला उघडले, मीटर लावून पाहिले आणि म्हणाली, "मावशी, हा ठणठणीत आहे. याला हे खांब कुणी जोडले?"

"मी," भाचा म्हणाला. "चांगले दीडशे वॅटचे आहेत! याचे आठ आणि त्यांचे दीडशे, मिळून एकशे अठ्ठावन्न!"

ती खो खो हसली. "अहो, तो आकडा त्यांच्या कमाईचा नाही, खुराकाचा आहे! एवढं ते पचवू शकतात. स्पीकर चांगलेच आहेत, पण त्यांचं थोडक्यात भागत नाही, त्यांना मोठा अ‍ॅम्प्लिफायर हवा. या बिचाऱ्याचं काय चुकलं?"

भाच्याने जीभ चावली. त्यानेच स्टूल घेऊन माझे जोडीदार खाली काढले आणि सदऱ्याच्या बाहीने पुसले. मावशी टेप लावायला धजेनात.

"लावा मावशी," मुलगी म्हणाली. "मी आहे ना."

वरचा सूर आला आणि स्वच्छ निघून गेला. मावशींनी भाच्याचा हात घट्ट धरला. "हा तुझा मामा," त्या म्हणाल्या. "तू पाळण्यात होतास तेव्हाचा आवाज." भाचा जमिनीवरच बसला आणि टेप संपेपर्यंत उठला नाही.

मित्रांनो, माझ्यावर फुलदाणी ठेवू नका, तापल्यावर मला मोकळी हवा लागते. स्पीकर काढून मला नुसताच चालू ठेवू नका, मी जळून जाईन. आणि कुणी दमलेला दिसला, तर त्याला म्हातारा म्हणण्याआधी त्याच्या गळ्यात काय बांधले आहे, तेवढे बघा.