हल्ल्यासाठी राखीव

डॉक्टर दिपालींनी फ्रिजातून सीलबंद डबा काढला, तेव्हा वॉर्डातल्या सगळ्यांच्या जिवात जीव आला. एकट्या आनंदराज सोनकांबळेचा होता नव्हता तोही गेला.

पलंगावर त्याची बायको मनिषा होती. कंधार तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यात तिची नोकरी. चार दिवसांमागं एका वस्तीवर उभी शेळी कोसळून मेली, नाकातून काळं रक्त. अशी शेळी चिरायची नसते, हे मनिषाच गावोगाव सांगत फिरायची. पण मालकीण कोंडाबाई पंचनाम्यासाठी अडून बसली म्हणून चिरली, आणि हातमोजे नेमके दवाखान्यात राहिलेले. आता मनगटावर अँथ्रॅक्सची काळपुळी, हात खांद्यापर्यंत सुजलेला, सकाळपासून रक्तदाब खालीखाली. अँटिबायोटिक चालू होतं, पण जंतूंचं विष रक्तात उतरलं होतं. त्याला प्रतिविषच पाहिजे.

या प्रतिविषाची गंमत अशी, की ते आजाऱ्यासाठी नव्हतंच. उद्या कुणी मुद्दाम काळपुळीचे जंतू उधळले तर हाताशी असावं, म्हणून लातूरच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीनं घोड्यांच्या रक्तातून ते बनवलेलं. वीस बाटल्या लातूरच्या गोदामात, वीस नांदेडच्या या दवाखान्यात. डब्यावर ठळक अक्षरात 'हल्ल्यासाठी राखीव'. डॉक्टरबाईंनी चार साहेबांना फोन करून, शेळीला अतिरेकी ठरवायचंच काय ते बाकी ठेवून, सील तोडायची परवानगी काढली होती. औषध हाताशी आहे म्हणून मनिषाला हैदराबादला न्यायला आलेली ॲम्ब्युलन्सही परत पाठवली होती.

कंपनीचा स्टोअरकीपर म्हणजे हा आनंदराज. त्याची सासू पारूबाई सकाळपासून शेजारच्या पलंगांना सांगून राहिली होती, की औषध आमच्या जावयाच्याच कंपनीचं हाय.

सहा महिन्यांमागं सराव झाला होता. नांदेडच्या स्टेशनावर कुणी पावडर उधळली असं धरायचं; पावडर म्हणून ज्वारीचं पीठ. लातूरहून डबा पावणेतीन तासांत पोचला, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. सरावाला खरा माल कशाला नासवायचा, म्हणून बाटल्यांत मिठाचं पाणी होतं. डबा नांदेडलाच राहिला; आठवडाभरात त्यात खऱ्या ठेवायच्या, असं ठरलं होतं. पण तपासणीत पास झालेल्या बाटल्याच मुळी वीस, त्या लातूरच्या गोदामात. मालक व्यंकटराव म्हणाले, पुढच्या खेपेला बदलू, तू कागदावर 'बदलल्या' म्हणून सही कर, हल्ला काय नांदेडला व्हायला बसलाय? नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आनंदराजला समोर खुर्ची दिली होती. खुर्चीत बसलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, हे व्यंकटरावांना पक्कं ठाऊक. पुढची खेप तपासणीत नापास झाली, आणि त्या सहीकडं पुन्हा कुणी बघितलं नाही.

आनंदराजनं व्हरांड्यात जाऊन त्यांना फोन लावला. ते चिडले नाहीत, उलट मायेनं बोलले. लातूरच्या बाटल्या गुपचूप पाठवतो, संध्याकाळपर्यंत बदलून टाकू. तोवर डॉक्टर देतात ते देऊ दे, मिठाच्या पाण्यानं कुणी मरत नाही. फक्त तोंड उघडू नको.

तो परत आला. बाई सिरिंज भरत होत्या. हे टोचून झालं की त्या औषध लागू पडायची वाट बघत बसणार, हे त्याच्या ध्यानात आलं. आणि खोट्या बाटल्या टोचून संपल्या की बदलायला काही उरणार नव्हतं; मग मालक संध्याकाळी खऱ्या पाठवतीलच याचा भरवसा काय?

"म्याडम, टोचू नका. त्यात मिठाचं पाणी हाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"सही माझी हाय."

बाईंनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. शिव्या द्यायला त्यांच्याकडं वेळ नव्हता. हैदराबादचा रस्ता आता पेशंटला झेपणार नाही, एवढं सांगून त्यांनी कोरा कागद पुढं केला. लातूरच्या गोदामाचं सील तोडायचं, तर नांदेडचा माल खोटा आहे हे लेखी लागणार होतं. आनंदराजनं लिहिलं. आपलं नाव लिहिलं, तारीख लिहिली, मालकांची खुर्ची तेवढी लिहिली नाही; ती कुठल्या ओळीत बसणार?

त्यानंतर व्यंकटरावांचा फोन बंद लागला. गोदामाची किल्ली त्यांच्याकडं. आनंदराजच्या हाताखालचा सुगत तहसीलदारांना घेऊन गेला, कुलूप फोडलं, आणि तीन वाजता गाडी लातूरहून सुटली.

पारूबाई पायथ्याशी बसून होती. जावयाच्या कंपनीचं नाव आता ती घेत नव्हती. तिनं विचारलं, "जावईबापू, सही केली तवा ह्या बाटल्या कुणाला लागतील असं वाटलं हुतं तुमाला?"

"कुणालाच न्हाई, मामी."

लेकीच्या पायावरचा हात तिनं उचलला नाही आणि जावयाकडं बघितलंही नाही.

गाडीतून सुगतचा फोन आला, अहमदपूर मागं टाकलं. रक्तदाबाचं औषध बाईंनी आणखी वाढवलं. मनिषानं डोळे उघडले. दिवसभर तिला सगळं ऐकू येत होतं की काय, कोण जाणे.

"गाडी कितीला निघाली?"

"तीनला."

"म्हणजे पावणेसहा," ती म्हणाली. जनावरांच्या दवाखान्यात तिनं असे हिशेब पुष्कळ केले होते, आणि जनावर हातचं जात असताना त्याच्या मालकाला काय सांगायचं नसतं हेही तिला ठाऊक होतं. "येतील. तुमी बसा."

पलंगाजवळची खुर्ची रिकामी होती. आनंदराज उभाच राहिला. साडेचार वाजले होते.